विथ म्हणजे बरोबर

नोकरीवरून काढल्याचं पत्र हातात आलं म्हणून गल्लीत बालूशाही वाटणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का?

मी पाहिला आहे. त्याच्या हातची बालूशाही खाल्लीही आहे. काचीगुड्यात आमच्या गल्लीत एक धर्मादाय दवाखाना होता, त्याच्या पायरीवर ते उभे होते. अंगात नेहमीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणसं धरली होती त्यापेक्षा जास्त जमली, तेव्हा आत जाऊन त्यांनी औषधाच्या पुड्या करायची पट्टी धुऊन आणली आणि प्रत्येक बालूशाहीचे दोन तुकडे केले. एक तुकडा मोठा झाला असं वाटलं तर त्याची कड मोडून दुसऱ्यावर ठेवली. सगळे हसत होते, तेही हसत होते. आपण नेमकं कशाबद्दल गोड वाटलं, हे त्यांना पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्याच पायरीवर कळलं.

त्यांचं नाव माणिकराव. आम्ही माणिककाका म्हणायचो, पण ते आमच्या नात्यातले नव्हते. घर मूळचं बीदरकडचं, शेतकऱ्याचं. वडील निजामाच्या काळात हैदराबादला आले आणि इथलेच झाले. काका मराठी शाळेत शिकले, उर्दू गल्लीत शिकले आणि तेलुगू दवाखान्याच्या खिडकीत. हा दवाखाना आमच्या भागातल्या मराठी मंडळानं फार जुन्या काळी काढलेला. पुढच्या खोलीत डॉक्टर बसायचे, मधल्या भिंतीला एक चौकोनी खिडकी होती आणि खिडकीपलीकडे तीसेक वर्षं काका. ते तिथले कंपौंडर.

लहान मुलांचं औषध करताना त्यांना पाहावं. ते गोळी खलात वाटायचे, तिच्यात पिठीसाखर मिसळायचे आणि ती भुकटी काचेवर ओतून पट्टीनं तिची एक लांब रेघ करायचे. रेघेचे दोन भाग, दोनाचे चार, चाराचे बारा. दिवसाला तीन याप्रमाणे चार दिवसांच्या बारा पुड्या. पण पुड्या बांधायच्या आधी ते काच खिडकीत सरकवायचे आणि समोरच्या बाईला विचारायचे, यातला कमी कोणता दिसायला? ती लाजत एका ढिगावर बोट ठेवायची. मग तोच ढीग तराजूत जायचा. खरंच कमी भरला तर सगळे बारा ढीग पुन्हा एक करून पहिल्यापासून वाटणी. मागे रांग खोळंबायची, आतून डॉक्टर ओरडायचे. काका मान वर न करता म्हणायचे, “कमी कुणाला पडलं ते त्यालाच इचारावं लागतंय. जास्ती पडलेला माणूस कधी बोललेला पाहिला का तुमी?”

माझी त्यांची ओळख कागदामुळे झाली. माझे बाबा तारनाक्याला रेल्वेच्या एका कार्यालयात कारकून होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवरून, त्यामुळे ‘फूल’ आणि ‘मूल’ यांच्या आधी मला ‘निषेध’ लिहिता आला. पत्रकं एका बाजूला छापलेली असत. उरलेला गठ्ठा बाबा माझ्या हाती दवाखान्यात पाठवत. काका आत स्वच्छ पांढऱ्या कागदाची घडी घालून बाहेरून पत्रकाचा तुकडा गुंडाळत. शाई बाहेरच्या बाजूला. कुणाच्या तरी खोकल्याच्या पुडीवर ‘एकजूट’ यायचं, कुणाच्या जुलाबाच्या पुडीवर ‘तीव्र आंदोलन’. मला ते पत्रकवाली म्हणायचे. “काय पत्रकवाली, तुझ्या बाबांचं आंदोलन काल एका म्हातारीनं दिवसातनं तीनदा केलं म्हणं. आता बरं हाय तिला.”

दाराच्या चौकटीवर त्यांची पाटी होती. ‘कंपौंडर’ नव्हे, इंग्रजीत ‘डिस्पेन्सर’. ती जुन्या डॉक्टरांनी करून दिलेली. त्या डॉक्टरांनी त्यांना एकदा सांगितलं होतं की डिस्पेन्स म्हणजे तोलून वाटणं, आणि तुमच्यामुळे या जागेला डिस्पेन्सरी म्हणतात. माझ्यामुळे नाही, मी नुसता लिहून देतो. हे वाक्य काकांनी आयुष्यभर जपलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, मलाही दहादा सांगितलं असेल. मग त्याला त्यांनी स्वतःची जोड दिली होती. ती मात्र मला कधी जुनी झाली नाही.

“इंग्लिशला एक शब्द लागला, आपल्यात बघ कसं हाय. आधी गोळी वाटायची. मंग ती समद्यांला वाटायची. मंग त्यांला बरं वाटायचं. तीन कामं, शब्द एकच. ह्यातलं एक जरी चुकलं तरी बाकीची दोन बेकार.”

फुलं विकणारी एक तेलुगू म्हातारी रोज रांगेत असायची. दुखणं असो नसो, गुलाबी मिक्श्चरचा एक घोट तिला लागायचा. हात पुढे करून म्हणायची, ‘ना वाटा.’ माझा वाटा. तेलुगूतही वाटा म्हणजे वाटाच. काका खूश व्हायचे. हा शब्द आपल्याकडून त्यांच्याकडे गेला की त्यांच्याकडून आपल्याकडे आला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “वाट्याच्या शब्दावर कुणी आपला हक्क सांगतंय का, येडी?”

आता मंडळाविषयी सांगायला हवं, आणि ते मी शक्य तितकं शांतपणे सांगते.

जुन्या मंडळात आमच्यासारखीच माणसं होती. कारकून, मास्तर, किराणावाले. मग पुण्यामुंबईहून कंपन्यांत नोकरीला आलेली मंडळी सभासद झाली. त्यांना मराठीची ओढ होती, ती खोटी नव्हती. गणपतीत ती आमच्याहून शुद्ध आरती म्हणायची. नवे सचिव बोलायचेही फार गोड. पण कार्यकारिणीचं कामकाज हळूहळू इंग्रजीत गेलं. सभेत मराठी, चहाला मराठी, नाटकाला मराठी आणि कागदावर इंग्रजी. कुणी विचारलं तर उत्तर एकच, की ते ऑफिशियल असतं. म्हणजे ज्या कागदानं माणसाचं काही जाणार असेल, तो कागद त्याला न कळणाऱ्या भाषेत. प्रेमाचं काय ते मराठीत.

या नव्या कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी एकदा ड्रायव्हरला पाठवलं. देणगीत शक्तीचं टॉनिक आलं होतं, त्यातल्या सहा बाटल्या द्या. काकांनी ड्रायव्हरला रांगेत उभं केलं. त्याची पाळी आली तेव्हा छोट्या बाटलीत चार दिवसांचं टॉनिक मोजून दिलं, बाटलीला खुणेची कागदी पट्टी चिकटवली आणि निरोप दिला, “साहेबांना सांगा, बाटली नाही, वाटा मिळतंय. संपलं की या.” ड्रायव्हर इतका हसला की बाटली पडता पडता राहिली. गृहस्थ हसले नसणार. पुढे जे झालं ते यामुळे झालं असं मी म्हणत नाही. मला तसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय पत्रक काढू नये असं बाबांनी शिकवलं आहे.

काकांची एक जुनी मागणी होती. कार्यकारिणीतल्या लोकांनी महिन्यातून एकदा तरी खिडकीत येऊन बसावं. मदत म्हणून नव्हे, त्यांना कळावं म्हणून. रांगेत कोण येतं, काय मागतं, कुणाला परत जावं लागतं, ते बघावं. त्यांनी हे मराठीत, वळणदार अक्षरात, तीनदा लिहून दिलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

आणि मग उत्तर आलं. निदान आम्हाला तसं वाटलं.

मी तेव्हा इंटरच्या पहिल्या वर्षाला होते. इंग्रजी माध्यम, वर्गात इंग्रजीत पहिली. काका संध्याकाळी घरी आले. बाबा आले नव्हते. पायातल्या चपला दाराशी सारख्या लावून ठेवून ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि खिशातून लिफाफा काढला. मंडळाचं छापील पत्र. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावानं आलेलं पहिलंच. “वाच गं जरा. मला डिस्पेन्स तेवढं दिसलं, बाकी समदं पळायलंय डोळ्यांपुढनं.”

पत्र पाच ओळींचं होतं. महत्त्वाची ओळ मला आजही तशीच्या तशी आठवते. कमिटी हॅज डिसायडेड टू डिस्पेन्स विथ द कंपौंडर फ्रॉम द फर्स्ट ऑफ नेक्स्ट मंथ. खाली, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी आणि सोबतच्या प्रतीवर सही करून परत द्यावी.

मी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना काहीतरी खटकलं. डिस्पेन्स काय करणार ते लिहिलंच नव्हतं. औषध हा शब्द कुठे नव्हता. पण काका माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी वर्गात पहिली होते.

“वाटणार आहेत,” मी म्हणाले. “एक तारखेपासून कमिटी वाटप करणार आहे. कंपौंडरसोबत.”

“माझ्यासोबत?”

“विथ द कंपौंडर. म्हणजे तुमच्याबरोबर.”

“विथ म्हणजे बरोबर ना?”

“बरोबर.”

पत्र हातात घेऊन त्या ओळीवर त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले की तीन अर्ज केले, पण वाचले त्यांनी. वाचायला वेळ लागतो माणसाला. हरकतीचं मी सांगितलं तेव्हा ते हसले. “हरकत? मी कशाला हरकत घेऊ? मीच मागितलं की.” आमच्या टीपॉयवर त्यांनी प्रतीवर सही केली. सहीच्या वर काय लिहू, असं विचारलं. मी सांगितलं आणि त्यांनी एकेक अक्षर काढत इंग्रजीत लिहिलं, ‘अ‍ॅग्रीड विथ थँक्स’. त्यातलं विथही माझंच.

दुसऱ्या दिवशी बालूशाही. बाबांनीही एक तुकडा खाल्ला, पत्र मात्र बघायला मागितलं नाही.

पंधरा दिवस गेले, महिनाही संपला. एक तारखेला मी कॉलेजला जाताजाता दवाखान्यावरून गेले. काकांनी आतल्या खोलीत चार स्टुलं मांडली होती. मापाचे ग्लास घासून पालथे घातले होते. शेजारच्या मास्तरांकडून एक खुर्ची मागून आणली होती, सचिवांना स्टूल बरं दिसत नाही म्हणून. बाहेर रांग होती, आणि रांगेला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आज मोठी माणसं येणार आहेत, जरा नीट उभे राहा, हल्लू बोला.

मोठी माणसं आली. सचिव आणि त्यांच्याबरोबर एक कुलूप बसवणारा. सचिवांनी ती स्टुलं पाहिली, खुर्ची पाहिली, रांग पाहिली. त्यांना वाटलं, निरोप समारंभ आहे. ते म्हणाले, “काका, हे सगळं कशाला? पण छान वाटलं. तुम्ही फार ग्रेसफुली घेतलंत.”

काका म्हणाले, “बसा की साहेब. कुठनं सुरू करू, पुड्या का मिक्श्चर?”

मग पायरीवर उभ्याउभ्याच जे झालं त्याला पाच मिनिटंही लागली नसतील. सचिवांनी समजावून सांगितलं, मराठीत, स्वच्छ आणि सोप्या मराठीत. म्हणजे त्यांना येत होतं. यापुढे डॉक्टर फक्त लिहून देतील, औषध लोक बाहेरच्या दुकानातून घेतील. जागेचं नूतनीकरण आहे. त्यामुळे कंपौंडरची गरज उरत नाही. डिस्पेन्स विथ म्हणजे तेच, त्याच्यावाचून चालवणं. आणि तुमची तर सही आहे, काका. थँक्स लिहिलंत तुम्ही. आम्हाला सगळ्यांना भरून आलं होतं.

काका वळले. मी रांगेच्या कडेला दप्तर धरून उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं झालं असतं. एखादा हिशेब जुळत नसला की माणूस विचारतो तसं त्यांनी मला विचारलं, “विथ म्हणजे बरोबर ना गं?”

मी मान डोलावली.

“मंग?”

त्यांनी वाट पाहिली नाही. आत गेले आणि रांगेतल्या लोकांना शेवटचं औषध द्यायला लागले. सचिव भले माणूस, त्यांनी रांग संपेपर्यंत कुलूपवाल्याला थांबवून ठेवलं. ती मागून आणलेली खुर्ची पुढे होती, तिच्यावर बसून ते फोन बघत होते. काकांनी त्या दिवशीही काच खिडकीत सरकवून विचारलं, कमी कोणता दिसायला? मी ते ऐकलं आणि कॉलेजला न जाता घरी आले.

आता माझी गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही.

बाबा पेटले. त्यांनी त्याच दिवशी कागद घेतला, मथळा लिहिला आणि काकांना बोलावलं. मंडळाला जाब विचारायचा, सभासदांच्या घरोघरी पत्रक टाकायचं, विशेष सभा मागायची. बाबांच्या डोक्यात सगळं तयार होतं. फक्त एक गोष्ट त्यांना अडत होती. सही. “माणिकराव, तुम्ही थँक्स लिहून दिलंय. ते पहिल्यांदा तेच काढतील. पत्र कुणी वाचलं?”

मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते.

“मीच वाचलो,” काका म्हणाले. “आपलं इंग्लिश पाचवीपासनं कच्चं.”

“अहो, मग इथं पोरगी इंग्लिश मीडियमला आहे. तिला तरी दाखवायचं!”

“सुचलं नाही.”

बाबांनी पेन टेबलावर टाकलं. चिडले होते, काकांवर. माणसं स्वतःचा हात स्वतः तोडून आमच्याकडे येतात, असं काहीतरी बोलले. काका ऐकून घेत राहिले. मी ग्लास ठेवले. काका पाणी प्यायले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

पत्रक निघालं नाही. आज मला कळतं की तेव्हा एकच वाक्य पुरलं असतं. इंग्रजीत पहिली येणाऱ्या मुलीनं हे पत्र वाचलं आणि तिलाही ते उलटं कळलं. या एका वाक्यावर ती सही मोडून पडली असती. ज्या पत्राचा अर्थ शिकलेल्या मुलीला लागत नाही, त्यावर न शिकलेल्या माणसाची सही घेणं याला संमती म्हणत नाहीत, आणि बाबांनी ते असं लिहिलं असतं की आमच्या भागातली प्रत्येक पायरी त्यांनी हलवली असती. ते वाक्य माझ्याकडे होतं. माझ्या एकटीकडेच होतं. काकांनी ते मागितलं नाही, आणि मी दिलं नाही.

दवाखान्याचं नूतनीकरण झालं. मधली भिंत पाडली, खिडकी गेली. बाहेर नवी पाटी लागली. जिथे काहीच वाटलं जात नाही त्या जागेचं नाव अजूनही इंग्रजीत डिस्पेन्सरी आहे. काकांची जुनी पाटी कुठे गेली मला माहीत नाही. आत हात धुवायच्या जागी भिंतीवर एक पांढरी डबी बसवली आहे, खाली हात धरला की साबण येतो. तिच्यावर काकांच्या पाटीवरचाच शब्द आहे. तीही सर्वांना सारखंच देते म्हणा. पण कुणाला कमी पडलं ते विचारत नाही.

फुलवाली म्हातारी काही दिवस काकांच्या घरी जायची. काका तिला सांगायचे, “मंदु लेदु, अम्मा.” औषध नाही. ती थोडा वेळ ओट्यावर बसायची आणि दोन गजरे ठेवून जायची. एरवी काका बाहेर फारसे दिसेनात. गौलीगुड्याच्या बाजारात एकदा भेटले, भाजी घेत होते. भाजीवाल्यानं तराजू उचलला तेव्हा ते काट्याकडे न बघता दुसरीकडे बघत होते. मी हाक मारली नाही.

डिग्रीला असताना मी विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन एक जाडजूड शब्दकोश काढला. तो शब्द शोधायला मला चार वर्षं लागली, अंतर मात्र बसनं अर्ध्या तासाचं. लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा अर्थ टांगणं. तराजू टांगायचा, वजन करायचं आणि तोलून बाहेर द्यायचं. इथपर्यंत जुने डॉक्टर बरोबर होते. पुढे चर्चमध्ये तो शब्द सूट देण्यासाठी वापरायला लागले. एखाद्याला नियमातून मोकळं करायचं, एवढ्यापुरता नियम बाजूला ठेवायचा. या वाटेनं त्याच्यामागे ते विथ येऊन चिकटलं, आणि बाजूला ठेवता ठेवता अर्थ झाला त्याच्यावाचून चालवणं. म्हणजे एकच शब्द. एकटा आला तर तुम्हाला वाटा मिळतो. त्याच्यामागे चार अक्षरं लागली की वाटा मिळणं राहिलं बाजूला, तुम्हीच जाता.

मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्यांच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते, पण शब्दाची व्युत्पत्ती सांगून आले. शिकलेली माणसं असंच करतात. काका खाटेवर बसले होते, दम लागत होता. सगळं नीट ऐकलं. तराजूचं दोनदा सांगायला लावलं.

“म्हंजे आधी टांगायचं, तोलायचं, मंग द्यायचं,” ते म्हणाले. “मंग बराबर लिहिलं त्यांनी. मला टांगलं. तोलायचं तेवढं राहिलं.”

ते हसले. मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, “कशाला रडायलीस? चूक तुझी न्हवती. तू तुला येतंय तेवढं वाचलीस.”

मी विचारलं, बाबांना खरं का सांगितलं नाहीत?

“तुझा बाप खरं छापतो,” काका म्हणाले. “तुझं नाव छापलं असतं त्यानं. समदी गल्ली तुला इचारत बसली असती, विथ म्हणजे काय गं. सोळा वर्षांची पोर तू. इंग्लिश सोडून दिली असतीस. नक्को वाटलं मला.”

त्या दिवशीही मला घरी जाऊन बाबांना सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. काका त्याच वर्षी गेले. मंडळानं शोकसभा घेतली, मराठीत. सचिव छान बोलले. निःस्वार्थ सेवा हा शब्द चार वेळा आला. बाबा गेले नाहीत, म्हणाले, सही करणाऱ्यांसाठी लढता येत नाही. मी शेजारी बसून ते ऐकलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो बाबांना वाचायला दिला. त्यांनी तो वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि त्यानंतर आज सहा दिवस ते माझ्याशी बोललेले नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

तुम्ही कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असाल तर मला तुमच्याकडून काही नको. तुमच्यासाठी आता बाबा लिहितील, आणि ते माझ्यापेक्षा बरं लिहितात. मला मागायचं आहे ते माझ्यासारख्यांकडे. घरात, गल्लीत, मजल्यावर इंग्रजी येणारे म्हणून ज्यांच्याकडे कागद येतात त्यांच्याकडे. कामवाल्या मावशी येतील, वॉचमन येईल, मामा येतील, खिशातून घडी काढून पुढे करतील आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. वाचा. आणि एक शब्द जरी अडला तरी त्यांच्यादेखत म्हणा, मला हे कळलं नाही. म्हणा आणि पेन त्यांच्या हातातून काढून घ्या.